चौथ्या दिवसाचं पाणी

मार्च सरत आला की आमच्या तलावाचा वास बदलतो. हिवाळाभर पाणी नुसतं पडून असतं, निळं, गार, कुणाचंच नसल्यासारखं. मग एके सकाळी त्यात औषध पडतं, फरश्या घासल्या जातात, बायकांच्या बॅचची पाटी लागते, आणि कपडे बदलायच्या खोलीत क्लोरीन, खोबरेल तेल आणि ओले टॉवेल यांचा मिळून एक वास कोंडून राहतो. तो नाकात शिरला की मी समजते, उन्हाळा लागला. पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीच्या तरणतलावावर मी त्या खोलीत कामाला आहे. टॉवेल द्यायचे, किल्ल्या सांभाळायच्या, फरशी कोरडी ठेवायची. फरशी कोरडी ठेवणं ऐकायला सोपं आहे. जिथं येणारी प्रत्येक बाई ओलीच असते तिथं ते करून बघावं.

दर उन्हाळ्यात कुणीतरी एक पोरगी बाकावर पाय जवळ घेऊन बसलेली दिसते. मैत्रिणी पाण्यात, ही बाहेर. विचारलं तर म्हणते, सर्दी झालीय. एप्रिलच्या उन्हात सर्दी! मी लगेच काही बोलत नाही. माझी शाळा आठवीपर्यंत, आणि या पोरी इंग्रजीत भांडणाऱ्या. आपण सांगायला जावं आणि चुकीचं निघावं, कुणाच्या आईनं ऑफिसात तक्रार करावी, हातचं काम जावं. पाय टाकायच्या आधी जमीन तीनदा दाबून बघायची हा माझा स्वभावच आहे. पण ती सर्दीवाली पोरगी बघितली की मला बाळापूरकडचा एक उन्हाळा आठवतो, माझ्या भाचीचा, दीपीचा उन्हाळा. मग जमीन दाबायची राहून जाते, आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसते.

आमची वस्ती आखाडा बाळापूरच्या बाजारापासून जरा आत, रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज वाऱ्यावर येईल इतकी जवळ आणि ऑटोवाला आत यायला कुरकुर करील इतकी लांब. आम्ही मेंढरंवाले. थोडी शेती आहे, पण घराचा जीव मेंढरांत. शेतात विहीर आहे. तिच्यावर वाकलेली एक बाभळ, बाभळीला सुगरणींचे खोपे, आणि आतल्या कपारीत पारवे. भर दुपारी विहिरीत डोकावलं की आपल्याच तोंडामागं निळं आभाळ दिसायचं आणि गार, शेवाळी वास वर यायचा. पाठीला रिकामा डबा बांधून मी त्या विहिरीत पोहायला शिकले. भावानं दिलं ढकलून. नाकातोंडात पाणी गेलं, पारवे फडफडून उडाले, आणि वर आले तेव्हा मला पोहता येत होतं. असं वाटलं तरी.

मग मी आठवीत असताना एका उन्हाळ्यात पाळी आली. विहीर सुटली, आणि जून उजाडला तेव्हा शाळाही सुटली. शाळा बाळापूरला, वाट सुनी, पोरगी शहाणी झाली, असं काय काय कारण होतं. मला खरं सांगायचं तर तेव्हा शाळेपेक्षा विहिरीचं जास्त वाईट वाटलं होतं.

आमच्या घरात चार दिवस बाहेर बसायचं. घराला लागून एक छपरी आहे, तिथं गोधडी टाकायची. मेंढरांच्या वाड्यात पाय ठेवायचा नाही, दुधाला हात लावायचा नाही, विहिरीकडं तर सावलीही जाऊ द्यायची नाही. भाकर वरून टाकायची, हाताला हात लागला नाही पाहिजे. का, तर पाण्यात किडे पडतात आणि गाभण मेंढ्या गाभ टाकतात. माझी माय हे सगळं काटेकोर पाळायची आणि पाळायला लावायची. ती वाईट बाई नाही. मेंढरांच्या जिवावर तिनं संसार ओढला. मेंढरांना ज्यानं धक्का लागेल असं तिला सांगितलं गेलं, ते तिनं आयुष्यभर लांब ठेवलं. स्वतःला सुद्धा.

दीपी माझ्या भावाची पोरगी. बारावी झालेली, सडपातळ, उन्हानं रापलेली. मेंढरं कातरायच्या आधी पाण्यात घालून धुवायची असतात, तेव्हा ही पोरगी डोहात उभी राहून एकेक मेंढरू कवेत धरायची आणि पलीकडं पोहत न्यायची. भिजलेल्या मेंढराचं वजन काय असतं ते ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. वर्षात तिचं पोहणं फक्त पाळीच्या दिवसांत बंद असायचं.

त्या वर्षी बाळापूरच्या रस्त्याला एकांनी पोहण्याचा मोठा हौद बांधला होता. चारी बाजूंनी पत्र्याची आडभिंत, आत निळ्या फरश्या. मालकाच्या बायकोला सगळं गाव काकू म्हणतं. काकूंच्या मनात बायका-पोरींची वेगळी बॅच काढायची होती आणि शिकवायला बाईच हवी होती. दीपीनं नाव दिलं. काकूंनी सांगितलं, गुरुवारी ये, पोहून दाखव. त्याच्या पुढल्या सोमवारी बॅच सुरू. बाई मिळाली तर ठीक, नाहीतर मालकांनी एक बाप्या बघून ठेवलाय.

इकडं पुसेगावचं एक स्थळ चालून आलं होतं. भाऊ फोनवर मला म्हणाला, "पोरीला काम लागलं तर मी थांबतो दोनेक वर्सं. न्हाई लागलं तर पाहुण्यायला काय सांगू? पोहून राहिली म्हणून सांगू?"

आणि दीपीनं रडक्या आवाजात सांगितलं, "आत्या, गुरुवारी माझा चौथा दिवस येतोय. आजी विहिरीवर जाऊ देत न्हाई, तर हौदात काय जाऊ देईल? तू ये."

मी रजा टाकली. येताना नसीमआपानं माझ्या पिशवीत एक पुडकं ठेवलं. नसीमआपा माझ्याबरोबर त्याच खोलीत काम करते. उदगीरकडची, माझ्यापेक्षा मोठी. मी पुण्यात नवीन आले तेव्हा मला लिफ्टची भीती, साहेबाची भीती, पाण्याच्या नळाची सुद्धा भीती; कोणता नळ गरम ते कळायचं नाही. या बाईनं मला हाताला धरून शहरात उभं केलं. पाळीचं जे काही मला शहाण्यासारखं ठाऊक आहे ते तिच्याकडून. पुडक्यात तीन वस्तू होत्या. एक पाळीत आत बसवायचा, रबरासारखा मऊ कप, अगदी लहान मापाचे टॅम्पॉन, म्हणजे आत घालायचे कापसाचे बोळे, आणि एक काळी, आतून जाड अस्तराची, पाण्यात घालायची पाळीची चड्डी. सगळं नवं, न उघडलेलं. आपा म्हणाली, "तीन चीजा दिल्या. पोरीला काय सोसंल ते पोरीला ठरवू दे. तू फकत घबराऊ नको."

हे शेवटचं मला कधी जमलेलं नाही.

घरी पोचले तो सोमवार. दीपी छपरीत बसली होती, गोधडीवर, गुडघ्यांत तोंड घालून. माझी वहिनी, म्हणजे दीपीची आई, चुलीपाशी. वहिनी कमी बोलते. बोलली तर दाराआड बोलते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, पाळी पुढं ढकलायची गोळी असती ना? आमी पूजेच्या टायमाला घेतो. मेडिकलवाला देतो." म्हटलं, वहिनी, आता पाळी आलीच आहे, आलेली मागं जात नाही. आणि डॉक्टरला न विचारता ती गोळी खाऊ नये. वहिनी लगेच चुलीकडं वळली, जणू तिनंच काही गुन्हा केला.

दीपीचा विचार साधा होता. "नेहमीचं पॅड लावते न् वरून दोन चड्ड्या घालते."

तिला समजावण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी एक कोरं पॅड बादलीत सोडलं. बघता बघता ते फुगलं. भिजलेल्या गोधडीच्या तुकड्यासारखं जड झालं, चिकट सुटलं, आणि बुडाशी जाऊन बसलं. दीपी वाकून बघत होती. तेवढ्यात माय आली.

"सुरेखे! काय करून राहिलीस? चांगली वस्तू बादलीत बुडवली?"

"दीपीला दाखवते, माय. हे पाणीच पिऊन घेतं. मग दुसरं काही प्यायला त्याच्यात जागा उरत न्हाई."

"पुण्याला जाऊन हेच शिकलीस का?" माय म्हणाली आणि बादली तिरकी करून बघू लागली. नको म्हणायचं आणि वाकून बघायचं, ही तिची जुनी खोड.

माझ्या खोलीत हे अजूनही दर वर्षी घडतं. कुणीतरी पॅड लावून उतरतं आणि जिन्यावर येईस्तोवर रडकुंडीला येतं. कुणी सांगतं, पाण्यात पाळी थांबते. थांबत नाही. पाण्याच्या दाबानं जरा कमी बाहेर येतं एवढंच. खोकलं, हसलं, वर आलं की जे यायचं ते येतंच. आणि एकीला जे चाललं ते दुसरीला चालेल असंही नाही. जास्त जातं त्या दिवशी नुसती चड्डी पुरत नाही. तिथं कप किंवा टॅम्पॉनच लागतो. टॅम्पॉन घातला तर पुरेल त्यातला सगळ्यात लहान, आणि विसरून दिवसभर ठेवायचा नाही, काही तासांत काढायचा. कप एकदा जमला की सोन्यासारखा, पण जमायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. हे आता मी घडाघडा सांगते. त्या सोमवारी मात्र मला एकच भीती. माझ्या सांगण्यावरून पोरगी उतरायची आणि भर हौदात सगळ्यांपुढं तिची शोभा व्हायची! मग पुसेगावच काय, तिला बाळापूरच्या बाजारातही मान वर करता आली नसती.

दीपीला कप आवडला. म्हणजे लांबून आवडला. वहिनीनं जुन्या पातेल्यात तो उकळून दिला. दीपी तो घेऊन न्हाणीत गेली आणि मी दाराबाहेर उभी राहिले. आतून आधी कण्हल्याचा आवाज, मग काहीतरी टणकन उडून भिंतीला लागल्याचा, मग हसू.

"आत्या, हे बेडकासारखं उड्या मारून राहिलं!"

"श्वास सोड. अंग ढिलं सोड."

"अंग ढिलं सोडलं की हे हातातून सुटतं. हे धरलं की अंग आवळतं. मी काय करू?"

अखेर ती बाहेर आली. डोळ्यांत पाणी, हसण्याचं की त्रासाचं ते कळेना. म्हणाली, न्हाई जमत. वहिनीनं कप पुन्हा उकळला आणि खिडकीत स्टीलच्या वाटीत सुकायला ठेवला. उद्या परत बघू असं ठरलं.

मंगळवारी सकाळी वाटी रिकामी.

आम्ही तिघी घर पालथं घालत होतो. उंदरानं नेला का? कावळ्यानं? मग वाड्याकडून मायचा लाडाचा आवाज आला. "पी रे माझ्या राजा, पी." एका मेंढीनं त्या आठवड्यात कोकरू टाकून दिलं होतं, अंगाला लागू देत नव्हती. माय त्याला बाटलीनं दूध पाजायची, आणि बाटलीचं रबरी बोंडूक त्यानं चावून फाडलं होतं. मी वाड्यात गेले तर माय मांडी घालून बसलेली, मांडीत कोकरू, आणि रुंद तोंडाच्या बाटलीला सुतळीनं आवळून बांधलेला आमचा कप. दाभण तापवून तिनं त्याच्या शेंड्याला नीट भोक पाडलं होतं. कोकरू शेपूट हलवत चटाचटा ओढत होतं.

"लई झकास बोंडूक आणलंस ग सुरेखे," माय म्हणाली. "इथं असलं मऊ भेटत न्हाई. जरा ढिलं होतं, पण बांधलं म्या."

मागून दीपी आली, तिनं बघितलं आणि ती खाली बसून पोट धरून हसायला लागली. वहिनीनं पदर तोंडात कोंबला.

"काय झालं? काहून दात काढून राहिल्या?"

मग सांगावं लागलं. मी मान खाली घालून, जमेल तसं सांगितलं. ही वस्तू कशाची आहे. कुठं असते. मायचा चेहरा आधी कोरा राहिला. मग ती बाटलीकडं बघू लागली, मग कोकराकडं.

"अग बया," ती हळूच म्हणाली. "पिल्लू पिलं की त्याच्यातून."

"उकळलेला होता, माय. दोनदा."

"उकळल्यानं काय होतं? विटाळाची वस्तू ती." तिनं बाटली लांब ठेवली. कोकरू उठून परत बाटलीकडं गेलं. माय त्याला ओढी, ते परत जाई. चार-पाच वेळा असं झालं. शेवटी माय कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्याला तर काहीच वाटून न्हाई राहिलं!" आणि हसली. आधी नाकातून, मग अख्खी. चार बाया मेंढरांच्या वाड्यात बसून पाळीच्या गोष्टीवर हसतायत आणि त्यातली एक पाळीतली आहे, असं त्या घरात माझ्या जाणतेपणी तरी कधी झालं नव्हतं. वाड्यात दीपी आली, हे मायच्या ध्यानात बऱ्याच वेळानं आलं. "तू जा बाहेर," ती म्हणाली. पण त्यात जोर नव्हता.

त्यानंतर माय दिवसभर त्या कोकराच्या मागं. पोट दाबून बघ, कान तपासून बघ, लेंडी मोडून बघ. काहीतरी होणार म्हणून ती वाट बघत होती. कोकरू मात्र दगडावर चढून उड्या मारत होतं.

संध्याकाळी तीच मला म्हणाली, "मग आता पोरगी कशी उतरणार? तिचं बोंडूक तर म्या फोडलं."

दीपीनं उतरावं की नाही हा प्रश्न तिनं विचारलाच नव्हता.

नवा कप मिळतो का म्हणून मी बाळापूरच्या मेडिकलमध्ये जाऊन आले. रस्त्यावर धूळ, ट्रक, कलिंगडांचे ढीग. गर्दी ओसरेपर्यंत मी उगाच पेनबामचे भाव विचारत उभी. मग हळू आवाजात म्हटलं, पाण्यात चालेल असं काही आहे का बायकांचं? त्यानं बराच विचार करून वॉटरप्रूफ पट्टी काढून दिली. जखमेवरची. म्हणाला, "घ्या ताई, अंघोळीत निघत न्हाई." मी ती घेऊन आले. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

आपाला फोन लावला. ती आधी कोकराचं ऐकून खोकेस्तोवर हसली. मग म्हणाली, "जाऊ दे कप. पहिल्याच महिन्यात कपावर इम्तिहान देते का कुणी? हे सांग, चौथ्या दिवशी पोरीला जातं किती?"

"नुसते डाग, आपा."

"मग टॅम्पॉन पण काहून? सुक्यात सुकं घालायचं न् सुकं ओढायचं. तकलीफच तकलीफ. आणि पहिली बार हाय, त्याच दिवशी पोहायचं हाय. काळी चड्डी दे. डागांना तेवढी बराबर पुरते. पण घट्ट बसली पाहिजे बघ, ढिली असली तर पाणी आरपार. वर आली की लगेच बदलायची, ओली घालून बसायचं न्हाई."

"आणि पाण्यात दिसलं तर?"

"घरी पाण्यात बसवून बघ ना. सुरेखा, पोरीच्या आधी तूच बुडशील अशानं."

विहीर बंद. म्हणून बुधवारी कपडे भिजवायचा मोठा टप आम्ही न्हाणीत ओढला. दीपी काळी चड्डी घालून, वरून जुना टीशर्ट घालून त्यात बसली. टप भरला. मी म्हटलं, पाय मार. तिनं मारले. म्हटलं, खोक. खोकली. म्हटलं, ऊठ-बस कर.

"आत्या, मी काय गवार हाय का? टपात घालून धुवून राहिलीस!"

बाहेरून माय ओरडली, "एवढं पाणी काहून सांडून राहिल्या? टँकर येतो का तुमच्या बापाचा?"

मी पांढरा पंचा टपात घोळवला, पिळला, उजेडात धरला. पुन्हा घोळवला. पंचा पांढराच. ती उभी राहिल्यावर पायांवरून ओघळलेलं पाणी बघितलं. पाण्यासारखं पाणी. त्या पाण्याकडं बघून मला एवढं बरं वाटलं की मी ते लगेच ओतू दिलं नाही. दीपीनं मग स्वतःच ठरवलं, "हीच. ही घातल्यावर मला ध्यानातच राहत न्हाई की काही घातलंय." मला वाटतं, निवड करायची याहून चांगली खूण कुठल्याच पुडक्यावर छापलेली नसेल.

गुरुवारी सकाळी वहिनीची पाळी आली, तीच बसली बाहेर. दीपीबरोबर ती येणार होती. आता ती छपरीत, गोधडीवर, लेकीला नुसती हात हलवत. मग पदर खोचून माय निघाली.

हौदावर आत फक्त बायका. मालक फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. काकू उंच, ठसठशीत, गळ्यात शिट्टी. मी गडद टॉवेल घेऊन कडेला उभी, आणि माय पार काठावर उकिडवी. मेंढरं नदी उतरताना ती अशीच बसते, डोळे पाण्यावर खिळवून. ती दीपीला बघत नव्हती. ती पाणी बघत होती.

दीपीनं उडी मारली. पोहणं तिचं विहिरीतलंच, हात जरा वेडेवाकडे, पण पाणी कापत गेली. एकदा या टोकाला, एकदा त्या. मग काकूंची सून बुडाल्याचं सोंग घेऊन मध्ये उभी राहिली. बाई अंगानं भरलेली आणि तिला हसू आवरेना. दीपीनं तिला मागून बगलेत धरलं, हनुवटी वर उचलली आणि ओढत काठाला आणली. भिजलेली मेंढरं वाहिलेले हात ते. मी दर क्षणाला पाण्याकडं बघत होते, मग मायकडं, मग पाण्याकडं. दीपी वर आली तशी मी टॉवेल गुंडाळून तिला खोलीत पाठवलं. ती सुकी होऊन परत आली तेव्हा कुठं मी पाण्यावरची नजर काढली. काम झालं, असं मला वाटलं.

काकू म्हणाल्या, "पोहतेस छान. पण माझी अडचण ऐक पोरी. आमचे मालक म्हणतात, बाई ठेवली की दर महिन्याला चार-पाच खाडे. त्या दिवशी पोरींकडं कोण बघणार? बाप्या ठेवला की ती झंझट न्हाई. मला त्यांना काहीतरी उत्तर देता आलं पाहिजे."

दीपीनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच नको नको म्हणत होते. कशाला सांगायचं? नंतर बघता येईल. पण ती माझ्यासारखी जमीन दाबत बसणारी नाही.

"खाडे पडणार न्हाईत, काकू," ती म्हणाली. "आज माझा चौथाच हाय."

काकू चालत काठापर्यंत गेल्या आणि पाण्यात बघू लागल्या. त्यांची सून हातातला टॉवेल तसाच धरून उभी. मला वाटलं, आता हौद खाली करायला लावतात. सगळं गाव गोळा होतं.

माय उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"काय बघून राहिल्या बाई? म्या मघापासून बघूनच राहिले. पोरगी उतरली तवाचं पाणी न् आत्ताचं पाणी एकच हाय. माझ्या घरी मी चार दिवस कोणाला विहिरीवर जाऊ देत न्हाई. काही असतं तर तुमच्या आधी मला दिसलं असतं."

काकूंनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दीपीकडं. "कशानं जमवलंस ग?"

"काही मोठं न्हाई. चड्डी हाय एक. पाण्यातली. माझ्या आत्यानं आणली."

"आई," मागून सून एकदम म्हणाली, "मग मला पण." आणि लाजून तिनं टॉवेलात तोंड लपवलं. तेव्हा कळलं, घरचा हौद असून ती बाई दर महिन्याला काठावरच बसत होती. काकूंनी शिट्टी उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सोमवारी ये," त्या म्हणाल्या. "सकाळीच ये. मालकांचं मी बघते. आणि ह्या आमच्या बाईलाही तेवढं समजावून सांग."

परतताना मायनं बाजारात ऑटो थांबवला आणि पेढे घेतले. पुडा तिनं वस्तीपर्यंत मांडीवर घट्ट धरून ठेवला. दीपी ऑटोच्या बाहेर हात काढून वारा धरत होती. भावाला मी फोन लावला. तो पलीकडून "बरं, बरं" म्हणाला, आणि पाहुण्यांना थांबा म्हणून कळवतो म्हणाला.

ऑटो थांबला तशी वहिनी छपरीतून उठली, आणि नेहमीप्रमाणे कडेला, कुणाचा धक्का लागणार नाही अशी उभी राहिली. काय झालं, असं तिनं नुसत्या भुवयांनी विचारलं. दीपी धावत सुटली आणि आमच्या घरच्या सवयीनं चार हातांवर येऊन थांबली.

माय मात्र थांबली नाही. पुडा सोडत ती सरळ छपरीत शिरली. वहिनीनं खालून ओंजळ पुढं केली, वरून पडणारा पेढा झेलायला.

"आई, लांबून. मी बाहेर बसलेय ना."

"ठावं हाय मला," माय म्हणाली. डाव्या हातानं तिनं सुनेची हनुवटी धरली आणि उजव्या हातानं पेढा तिच्या तोंडात घातला. "लेक लागली तुजी कामाला. खा."